१०८० टीआयचं व्होल्टेज वाढवायचंय? आधी कार्ड कुठे अडतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: रोजच्या वापरातून निघालेलं जीटीएक्स १०८० टीआय या ग्राफिक्स कार्डाचं फाउंडर्स एडिशन, म्हणजे एनव्हीडियाने स्वतः काढलेलं मूळ कार्ड, घरात पडून आहे. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला तरी १.०९३ व्होल्टच्या पुढे जात नाही. व्होल्टेज कंट्रोलरच्या फीडबॅक पिनला ट्रिमपॉट (स्क्रूने कमीजास्त होणारा रेझिस्टर) सोल्डर केला की हवं तेवढं व्होल्टेज मिळतं, असं वाचलंय. ते कसं करायचं, किती व्होल्टपर्यंत जायचं, थंड करायला लिक्विड नायट्रोजन लागेलच का, आणि यात कार्ड मरेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो, मरू शकतं. मेलं तर रडायला येणार नाही असंच कार्ड यासाठी घ्या. तुमचं पडून असलेलं कार्ड या कसोटीला उतरतं, त्यामुळे पुढे बोलू.

सोल्डरिंग गन गरम करण्याआधी एक काम करा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सेन्सर्सच्या पानावर ‘परफकॅप रीझन’ नावाची ओळ आहे ती समोर ठेवा आणि टाइम स्पाय किंवा सुपरपोझिशनसारखा जड बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजणारी चाचणी) चालवा. कार्ड त्या क्षणी कशामुळे अडतंय ते ही ओळ सांगते. हवेवर चालणाऱ्या फाउंडर्स कार्डात तिथे बहुतेक वेळ पॉवरचं कारण दिसेल. या कार्डाची मूळ मर्यादा २५० वॉट; स्लायडर १२० टक्क्यांवर नेला की ३००. जड बेंचमार्कमध्ये ही मर्यादा आधी येते, व्होल्टेजची नंतर. अशा स्थितीत नुसतं व्होल्टेज वाढवलंत तर काय होईल? वीज खाणं व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कार्डाला आपलं व्होल्टेज वाढलंय हे कळत नाही, पण १२ व्होल्टच्या बाजूने येणारी वॉटेज त्याला बरोबर कळते. मर्यादा लागली की ते स्वतःहून क्लॉक (चिपचा वेग) खाली आणतं. म्हणजे इतका खटाटोप करून स्कोअर आधीपेक्षा कमी. आणि मग ‘मॉड चालला नाही’ म्हणून लोक ट्रिमपॉट आणखी फिरवतात.

म्हणून क्रम असा: आधी पॉवर, मग तापमान, व्होल्टेज सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की कार्डं जळतात. एवढं एकच पटलं तरी माझं निम्मं काम झालं.

आता जरा आकडे. १.०५ व्होल्टला, २००० मेगाहर्ट्झवर नुसता कोर २२० वॉट खातोय असं धरू. तोच १.३० व्होल्टला २४०० वर नेला, तर व्होल्टेजचा वर्ग दीडपटीच्या थोडा वर, क्लॉक १.२ पट, गुणाकार साधारण १.८४. म्हणजे ४०० वॉटच्या पुढे. १.३० व्होल्टला ४०५ वॉट म्हणजे ३१० अँपिअरच्या वर करंट. फाउंडर्स कार्डावर कोरचे सात फेज, म्हणजे वीज वाटून पुरवणारे सात भाग, आहेत; प्रत्येकात दुहेरी मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर. एका फेजवर चव्वेचाळीसेक अँपिअर येतात. हे झेपू शकतं, पण त्या मॉस्फेटवर जोराचा वारा हवा आणि प्रयोग मिनिटांचा हवा, तासांचा नको. यात मेमरी आणि बाकीचे वीजपुरवठे धरलेले नाहीत.

सोल्डरिंगशिवाय कुठवर जाता येतं, तेही आधी संपवून टाका. पास्कलची, म्हणजे या कार्डाच्या पिढीची, बायॉस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) डिजिटल सही केलेली असते, आधीच्या मॅक्सवेल पिढीइतक्या सहज ती हाताने बदलता येत नाही. पण एसूसच्या स्ट्रिक्स कार्डासाठीची एक्सओसी बायॉस ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या मंडळींत बरीच फिरली आणि ती फाउंडर्सवरही चढते. तिच्यामुळे पॉवर लिमिट जवळपास उठतं आणि १.२ व्होल्टपर्यंत मागणी करता येते. मूळ बायॉसची प्रत आधी एनव्हीफ्लॅश या बायॉस काढण्या-चढवण्याच्या प्रोग्रॅमने काढून दोन ठिकाणी ठेवा. दोन्ही कार्डांच्या मागच्या जोडण्या सारख्या नसल्यामुळे एखादा डिस्प्ले पोर्ट बंद पडला तर घाबरू नका. मात्र या बायॉसमध्ये संरक्षणंही ढिली होतात, त्यामुळे कार्ड पूर्ण झाकणारा, पाण्याने थंड करणारा वॉटर ब्लॉक नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. पाण्यावरच थांबायचं असेल, तर सरळ सांगतो, तुम्हाला ट्रिमपॉटची गरजच नाही. पाण्याखाली पास्कल १.१ च्या पुढे व्होल्टेजला फारसा प्रतिसाद देत नाही, १.२ ला थोडे मेगाहर्ट्झ मिळतात, बाकी सगळी उष्णता. व्होल्टेज मॉडला अर्थ येतो तो चिप शून्याच्या बरीच खाली गेल्यावर, कारण थंडीत गळतीचा करंट घटतो आणि तेच जादा व्होल्टेज चिपला पचतं.

आता शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेले रेझिस्टर. बायॉसच्या वाटेने जायचं नसेल तर पॉवरची मर्यादा इथे उठवतात. वीज कार्डात शिरते तिथे १२ व्होल्टच्या वाटेवर पाच मिलिओहमचे जाडजूड रेझिस्टर असतात, अंगावर ‘आर००५’ अशी खूण. त्यांच्या दोन टोकांतलं व्होल्टेज आयएनए ३२२१ ही तीन चॅनेलची चिप मोजते आणि त्यावरून कार्ड वॉटेज काढतं. २० अँपिअर वाहत असतील तर तिथे १०० मिलिव्होल्ट दिसतात. त्याच्याच डोक्यावर दुसरा पाच मिलिओहमचा रेझिस्टर सोल्डर केला की एकूण रोध अडीच मिलिओहम, दिसणार ५० मिलिव्होल्ट, आणि कार्डाला वाटणार की १० अँपिअरच चाललेत. वाण्याने काट्यात खोट ठेवावी तसा प्रकार, फक्त इथे गिऱ्हाईकही आपणच. मी स्वतः निम्म्यावर आणत नाही. वर आठ मिलिओहमचा लावला तर जोडी तीनच्या थोडी वर जाते, कार्ड ३०० म्हणतं तेव्हा खरे ४८५ च्या आसपास असतात. तेवढं पुरतं. रोध फारच खाली नेला तर पास्कल कार्डाला काहीतरी बिघडल्याचा संशय येतो आणि ते तळाच्या क्लॉकला अडकून बसतं. लोक मग कार्ड मेलं समजतात. वरचा रेझिस्टर काढला की ते परत उठतं.

शंटवर लिक्विड मेटल फासायची एक पद्धत होती, सोल्डरिंग नको म्हणून. नका करू. त्यातलं गॅलियम खालच्या सोल्डरमध्ये शिरतं, जोड ठिसूळ होतो आणि काही महिन्यांत शंट जागेवरून सुटतो. आणि मदरबोर्डच्या स्लॉटकडून येणाऱ्या विजेचा शंट असतो त्याला हात लावू नका. स्लॉटमधून १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॉटच घ्यायची मुभा आहे. कार्डाने तिथून जास्त ओढलं तर जळेल तो मदरबोर्डचा स्लॉट किंवा २४ पिनचा कनेक्टर.

आता मूळ विषय. कोरचं व्होल्टेज बनवणारा कंट्रोलर फाउंडर्स कार्डावर यूपी९५११पी हा आहे. जीपीयू त्याला एका पल्स सिग्नलमधून ‘मला इतके व्होल्ट हवेत’ असं सांगतो. तो सिग्नल गाळून कंट्रोलरला एक संदर्भ व्होल्टेज मिळतं. दुसरीकडे कोरजवळून एक सेन्स लाइन उलटी कंट्रोलरकडे येते आणि एका रेझिस्टरमधून फीडबॅकच्या पिनला लागते. कंट्रोलरचं काम एकच: फीडबॅक पिनवरचं व्होल्टेज संदर्भाएवढं ठेवायचं. आपण त्या पिनपासून ग्राउंडला एक रोध जोडला की पिनवर कोरचं व्होल्टेज थोडं कापून पोहोचतं. कंट्रोलरला वाटतं कमी पडतंय, तो वर ढकलतो. सगळा मॉड एवढाच. हिशोब असा:

नवं व्होल्टेज = संदर्भ × (१ + वरचा रोध ÷ आपला रोध)

वरचा रोध तुमच्या बोर्डावर किती आहे ते मोजूनच ठरवा. समजण्यासाठी तो १०० ओहम आणि संदर्भ १.०५ व्होल्ट धरू. लोक दुकानातून १० किलोओहमचा ट्रिमपॉट आणतात, ‘जास्तीत जास्तवर ठेवून सुरू करा’ हे ऐकलेलं असतं म्हणून. १० किलोओहमला मिळतात १.०६ व्होल्ट. ठीक. पंचवीस फेऱ्यांचा पॉट, एका फेरीत ४०० ओहम. वीस फेऱ्या फिरवून दोन किलोओहमला आलात तरी मीटरवर १.१०. माणूस कंटाळतो, हात सैल सुटतो. पुढे ८०० ओहमला १.१८ आणि त्यानंतरच्या एकाच फेरीत, ४०० ला, १.३१. एका फेरीत १३० मिलिव्होल्ट! त्याच्याही पुढची फेरी रोध शून्यावर नेते आणि तिथे हिशोबाला अर्थच उरत नाही, कोर गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हर जरा घसरला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे दोन गोष्टी. पॉट हिशोबाने निवडा, आणि त्याच्याशी एकसरीत एक साधा, ठरावीक रेझिस्टर कायमचा ठेवा. वरच्याच उदाहरणात दोन किलोओहमचा पॉट आणि ३९० ओहमचा रेझिस्टर घेतला तर सुरुवात १.०९४ ला होते आणि पॉट पूर्ण संपला तरी १.३२ च्या वर जाताच येत नाही. सगळ्यात तिखट फेरीही ४५ मिलिव्होल्टची. हात घसरला तरी तळाला तो रेझिस्टर उभा आहे. हा दोन रुपयांचा भाग बऱ्याच मार्गदर्शकांत नसतो, याचं मला आजवर नवल वाटत आलंय.

पॉट घ्यायचा तो ३२९६ प्रकारचा, पंचवीस फेऱ्यांचा, वरून स्क्रूने फिरणारा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. मधला पाय आणि एक कडेचा पाय वापरायचा. उरलेला कडेचा पाय मधल्याला जोडून टाका. आतला सरकता संपर्क कधी उचलला गेला तर रोध पॉटच्या पूर्ण किमतीवर जातो आणि व्होल्टेज उतरतं. ग्राउंडकडच्या मॉडचं मोठं सुख हेच: तार तुटली, सोल्डर सुटलं, पॉट खराब झाला, काहीही झालं तरी व्होल्टेज मूळ पदावर येतं. वरच्या बाजूच्या रेझिस्टरच्या जागी पॉट बसवायचा ‘शॉर्टकट’ कुणी सुचवला तर त्याला हात जोडा. तिथे तार तुटली की फीडबॅक शून्यावर जातो आणि कंट्रोलर कोरला जीव जाईपर्यंत व्होल्टेज चढवत नेतो.

जुन्या काळी याच तत्त्वावर पेन्सिल चालायची. ८८०० जीटीच्या जमान्यात बरोबर त्या रेझिस्टरवर शिसपेन्सिल घासली की ग्रॅफाइटमुळे रोध थोडा कमी व्हायचा आणि व्होल्टेज वाढायचं. नको असेल तर पुसून टाका. आजच्या बोर्डावरचे रेझिस्टर इतके बारीक आहेत की पेन्सिल शेजारच्या दोघांना घेऊन जाते.

जागा शोधायची ती कार्ड पूर्ण बंद असताना. कोरच्या चोकची (फेजमधल्या कॉइलची) चिपकडची बाजू म्हणजे कोर व्होल्टेज. मल्टिमीटरचा एक प्रोब तिथे, दुसरा ग्राउंडला लावलात तर एक ओहमपेक्षाही कमी दिसेल आणि मीटर बीप करेल. शॉर्ट नाहीये, एवढ्या मोठ्या चिपचा कोर तेवढाच दिसतो. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघा आणि तो वजा करा. मग कंट्रोलरभोवतीच्या छोट्या रेझिस्टरांपैकी ज्याचं एक टोक कोरशी जवळपास जोडलेलं आणि दुसरं कंट्रोलरच्या पिनला जातं, तो संशयित. खात्री अशी करायची: कुठलाही पॉट न लावता फक्त १० किलोओहमचा साधा रेझिस्टर तिथून ग्राउंडला जोडा, कार्ड चालू करा, आणि कोरवर मोजा. दहाबारा मिलिव्होल्ट वाढले तर जागा बरोबर. काहीच हललं नाही तर चुकीची. कार्ड उठलंच नाही तर रेझिस्टर काढा. तेवढ्या रोधाने सहसा काही जळत नाही. फाउंडर्ससारख्या रेफरन्स कार्डांचे सोल्डर करायचे बिंदू आधीच शोधून ठेवलेली मंडळी आहेत. ‘टिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियंत्याची एक्सडेव्ह्ज या साइटवरची मार्गदर्शकं त्यात सगळ्यात नेटकी. पण तुमच्या बोर्डाची आवृत्ती वेगळी असू शकते, म्हणून त्यांचा फोटो पाहूनही ही चाचणी चुकवू नका.

सोल्डर कंट्रोलरच्या पायावर करायचं नाही. त्या पायांत अर्धा मिलिमीटरही अंतर नसतं. त्याच रेषेवरच्या रेझिस्टरचं किंवा कॅपेसिटरचं टोक निवडा. तीस गेजची बारीक, कडक आवरणाची तार, भरपूर फ्लक्स, बारीक टोक, आणि दोन सेकंदांत काम आटपा. ग्राउंडला मात्र उलट: तो आख्खा तांब्याचा पत्रा आहे, सगळी उष्णता पिऊन टाकतो, तिथे जाड टोक आणि जास्त तापमान लागतं. ग्राउंड कंट्रोलरच्या जवळचाच घ्या. फीडबॅकची रेषा नाजूक असते. तिला वीतभर तार जोडून पॉट बाहेर लोंबत ठेवला की ती तार चोकचा सगळा गोंगाट पकडून कंट्रोलरला देते. मग मीटरवर व्होल्टेज स्थिर आणि बेंचमार्क मात्र कोसळतो. तार दोन-तीन इंचांत ठेवा, ग्राउंडच्या तारेशी पिळून घ्या, पॉट हॉट ग्लूने बोर्डाला चिकटवा. तारेला झटका बसला की सोल्डर सुटत नाही, पॅडच उखडून येतं. म्हणून तारेवरही मध्ये एक ग्लूचा थेंब.

स्क्रूड्रायव्हरने पॉट फिरवायचा नसेल तर एल्मोरलॅब्सचं ईव्हीसी२ नावाचं छोटं बोर्ड मिळतं. ते त्याच फीडबॅक पिनमधून मोजून थोडा करंट ओढतं, म्हणजे परिणाम तोच, पण आकडा संगणकावरून टाकता येतो आणि पॉटसारखी शेवटची तिखट फेरी नसते. ज्या कार्डांचे कंट्रोलर आय-स्क्वेअर-सी बसवर, म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायच्या दोन तारांच्या वाटेवर, बोलतात, तिथे ते थेट कंट्रोलरलाच हुकूम सोडतं. दोन-तीन कार्डं करायची असतील तर मी हेच घ्या म्हणेन. एकाच कार्डासाठी ट्रिमपॉट पुरे.

पहिल्यांदा चालू करताना पॉट कमाल रोधावर आहे याची खात्री मीटरने करा, डोळ्यांनी नाही. मल्टिमीटरचे प्रोब कोरच्या आउटपुट कॅपेसिटरवर कायमचे सोल्डर केलेल्या दोन तारांना लावा. सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा आकडा यापुढे विसरून जा, कारण तो जीपीयूने ‘मागितलेला’ आकडा आहे, मिळालेला नाही, तुम्ही १.३ देत असलात तरी तिथे १.०५ च दिसणार. किंगपिनसारख्या ओव्हरक्लॉकिंगसाठीच बनवलेल्या खास कार्डांवर यासाठी मोजायचे वेगळे कनेक्टर दिलेले असतात, फाउंडर्सवर ते आपणच बनवायचे. आधी डेस्कटॉपवर मोजा, मग लोडखाली. लोडखाली आकडा खाली येईल, ते स्वाभाविक. पॉट लोड चालू असताना फिरवू नका. तसं केलंत तर लोड सुटताच व्होल्टेज उडी मारतं आणि तो क्षण तुम्हाला मीटरवर दिसतही नाही, इतका छोटा असतो.

मधेच पडदा काळा झाला आणि पंखे जोरात फिरायला लागले, तर दोन शक्यता. एक, चिप त्या क्लॉकला टिकली नाही. दोन, कंट्रोलरचं संरक्षण लागलं: करंट किंवा व्होल्टेज ठरलेल्या रेषेच्या वर गेलं. ओळखायचं कसं? क्लॉक शंभर मेगाहर्ट्झ खाली घेऊन त्याच व्होल्टेजवर पुन्हा चालवा. तरीही लोड येताच त्याच ठिकाणी बंद पडलं तर संरक्षणाचा संशय घ्या. करंटचं संरक्षण उठवायचे मॉड आहेत, पण या कार्डावर मी तिथवर जाणार नाही. मॉस्फेट शॉर्ट होण्याआधी थांबवणारा तेवढा एकच पहारेकरी उरलेला असतो. मॉस्फेट शॉर्ट झाला की १२ व्होल्ट थेट कोरवर येतात. आणखी वर जाणारे लोक कार्डाचे स्वतःचे फेजच तोडतात आणि ईपॉवरसारखं बाहेरचं विजेचं बोर्ड तांब्याच्या पट्ट्यांनी जोडतात. तो वेगळा खेळ, वेगळा खर्च.

थंडीकडे येऊ. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. महाराष्ट्रात तो मिळवणं वाटतं तेवढं अवघड नाही, कारण गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव फिरतो. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांची गोठवलेल्या वीर्यमात्रांची सगळी व्यवस्था याच नायट्रोजनवर चालते, आणि तो साठवायची क्रायोकॅन (उष्णता आत न येऊ देणारी भांडी) बनवणारा इंडियन ऑइलचा कारखाना नाशिकला अंबडला आहे. शहरात औद्योगिक गॅस विकणाऱ्यांकडे विचारा. भांडं भाड्याने मिळतं. घरात पंख्याखाली स्टीलच्या डब्यात ठेवून चालणार नाही, क्रायोकॅनच हवा, आणि त्याचं झाकण कधीही घट्ट करायचं नाही. सैल बुचातून वायू जातच राहिला पाहिजे.

लोक हात भाजण्याला घाबरतात, खरा धोका श्वासाचा. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या खोलीत, म्हणजे सुमारे २७ घनमीटरमध्ये, दारं-खिडक्या लावून दहा लिटर उडवलेत तर सात घनमीटर नायट्रोजन आत आला. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास. १९.५ च्या खाली गेलं की कारखान्यांत धोक्याची घंटा वाजते. गुदमरल्यासारखं वाटत नाही, नुसती गुंगी येते, म्हणून तर वाईट. एसी लावून बंद खोलीत हा प्रकार करायचा नाही; गच्ची किंवा मोकळी ओसरी उत्तम. भांडं लिफ्टमधून न्यायचं तर भांडं एकटं वर पाठवा आणि तुम्ही जिन्याने जा. गाडीत काचा उघड्या. हातमोजे सैल, चामड्याचे. लोकरीचे नकोत, ते द्रव शोषून कातडीला धरून ठेवतात. डोळ्यांवर चष्मा.

मग पाणी. आपल्याकडे कार्डं नायट्रोजनने मरत नाहीत, दवाने मरतात. मुंबईत पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंश असतो. म्हणजे नुसत्या बर्फाच्या पाण्यावरही बोर्डाला पाणी सुटेल, उणे शंभरचं तर विचारूच नका. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे काम जानेवारीत करा. पुणे-नाशिककडेही पावसाळा टाळा. चिपभोवतीचा भाग, मेमरी, कार्डाची मागची बाजू, सगळं कन्फॉर्मल कोटिंगने (बोर्डाला ओलाव्यापासून वाचवणारा थर) किंवा प्लास्टी डिप या रबरी रंगाने रंगवा, दोन हात, आणि रात्रभर वाळू द्या. त्यावर चित्रकार वापरतात तो मळता येणारा खोडरबर दाबून बसवा, कुठेही हवेचा कप्पा राहता कामा नये. पाणी येतं ते त्या कप्प्यात. स्लॉटमध्ये व्हॅसलीन, कडेला टिश्यू पेपरच्या घड्या, भिजल्या की बदलायच्या. पॉट आणि मोजायच्या तारा या थंड पट्ट्याच्या बाहेर ठेवा. मूळ कूलर काढल्यावर मॉस्फेटवर वेगळा पंखा लागतो, तो विसरू नका.

चिपवर बसवून ज्यात नायट्रोजन ओतायचा ते भांडं तांब्याचं, तळ सपाट, मध्ये तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल. चिप आणि भांड्यामधली पेस्ट अशी हवी जी थंडीत तडकत नाही, क्रायोनॉट चालते. भांडं एकदम भरू नका. उणे ५०, थांबा, चालवा. उणे ८०, थांबा, चालवा. प्रत्येक चिपचं एक तापमान असतं ज्याच्या खाली ती बंद पडते, आणि त्याच्या जरा वरचं एक, ज्याच्या खाली चालू तर राहते पण बंद केली तर पुन्हा उठत नाही. तुमच्या चिपचे हे दोन आकडे शोधणं हा पहिल्या बैठकीचा सगळा कार्यक्रम समजा. त्या दिवशी व्होल्टेज १.१५ च्या वर नेऊच नका.

किती व्होल्ट, हा तुमचा प्रश्न राहिलाच. माझे स्वतःचे आकडे: हवेवर मॉड नाहीच. पाण्यावर १.२, तेही बेंचमार्कपुरतं. नायट्रोजनवर सुरुवात १.१५ ला, मग उणे शंभरच्या खाली गेल्यावर २० ते २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी १.३ पर्यंत. प्रत्येक पायरीला क्लॉक वाढलं का ते बघा. दोन पायऱ्या ओळीने काही मिळालं नाही तर त्या तापमानाला ती चिप संपली. आता थंडी वाढवा किंवा थांबा, व्होल्टेज नाही. १.३ च्या पुढे जाणारे जातात, बाहेरचं विजेचं बोर्ड लावून. फाउंडर्सच्या सात फेजवर मी जात नाही.

मेमरीला या बैठकीत हात लावू नका. जीडीडीआर५एक्स १.३५ व्होल्टची, तिचा कंट्रोलर वेगळा, मॉड वेगळा. एकाच दिवशी दोन्ही केले तर कोसळलं कशामुळे ते कधीच कळणार नाही.

संपल्यावर भांड्यातला नायट्रोजन लोडखाली उडू द्या, चिप शून्याच्या वर आली की मग बंद करा. कार्ड उघडून खोडरबर काढा, हेअर ड्रायरने मंद वाळवा आणि एक दिवस उन्हात नव्हे, कोरड्या सावलीत ठेवा. पुन्हा चालू करण्याआधी पॉट कमाल रोधावर, आणि कोरचा ग्राउंडशी रोध पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो निम्म्यावर आला असेल तर वीज लावू नका, आधी मॉस्फेट तपासा.